बोसनची फेरी

आमच्या न्यूफाउंडलंडच्या गावात दाराला कुणी कडी घालत नाही. आणि काम नसताना रस्त्याने चालणाऱ्याला लोक "डोकं फिरलं वाटतं" म्हणतात. सोबत कुत्रा असला, तर मात्र सगळं माफ.

माझा बोसन अस्वलाएवढा. पण हल्ली मी मासळीच्या कारखान्यातून परतलो की तो चुलीपाशी मेल्यासारखा पडलेला. तळवे झिजलेले, उठताना कण्हायचा. शेवटी घाबरून जनावरांच्या डॉक्टर व्हेराबाईंकडे नेला.

"लियँडर, एवढ्या थोराड कुत्र्याला दिवसाकाठी तासभर चालणं पुष्कळ झालं!" बाई कडाडल्या. "सांधे निकामी करशील त्याचे!"

"अहो बाई, सकाळी अर्धा तास फिरवतो, बस्स!"

"थापा मारू नकोस."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून घरीच बसलो. चहा ओततोय तोच शेजारची हिल्डामावशी दार ढकलून आत आली, खुंटीवरची बोसनची साखळी काढली आणि मला बघून दचकली.

"तू घरी? अरे, मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. एकटी फिरले तर लोक हसतात रे!"

तिला वाटेला लावतोय तोवर पाद्रीबाबा हजर. त्यांचंही तेच रडगाणं. त्यांचा मान ठेवून त्यांनाही झापलं, आणि जन्मात पहिल्यांदा दाराला कडी घालायला उठलो.

 

तेवढ्यात दार उघडलं आणि व्हेराबाई आत डोकावल्या, "चल रे बोसन राजा, आपली रोजची वेळ झाली!"