हिरवा भुंगा

आजारी पेनबुईने पाथरवटाकडे हिरव्या दगडाचा भुंगा कोरायला टाकलाय, हे बायकांच्या कुजबुजीतून कानावर आलं आणि त्याच्या बायकोच्या, वेबखेतच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळू लागला. असला भुंगा मेलेल्याच्या छातीवर ठेवतात. म्हणजे मग मेलेल्यांचा न्याय करणाऱ्या ओसिरिस देवाच्या दरबारात हृदय तराजूत पडलं, तरी ते आपल्या धन्याच्या भानगडी ओकत नाही.

"अहो, मन साफ असेल तर हृदयाचं तोंड कशाला बांधायचं?" तिने नवऱ्याला टोचलं. "नदीपलीकडे कोण ठेवलीय तुम्ही?"

"हृदयाला सगळं ठाऊक असतं गं," एवढंच बोलून पेनबुई भिंतीकडे वळला.

तो गेला. त्याचं प्रेत टिकावं म्हणून खारात मुरवायला नेलं, त्याच दिवशी वेबखेत शेजारच्या हुयला घेऊन पाथरवटाकडे पोचली. भुंगा नदीत भिरकावायचा आणि देवापुढे नवऱ्याच्या हृदयाला खुशाल बोलू द्यायचं, असं तिने पक्कं केलं होतं.

"एकटीला सुधरत नव्हतं, म्हणून हुय भावजी आलेत सोबत," तिने कुणी न विचारताच सांगून टाकलं.

"बरं झालं वहिनी, दोघंही आलात ते." पाथरवटाने फडकं उलगडलं. आत दोन भुंगे होते.

"दोन कशाला?"

 

"पेनबुईने स्वतःसाठी काही करून घेतलं नाही. म्हणाला, एक बायकोला दे, एक हुयला. त्यांना लागतील."