वीणेची खटखट

वीणा खाली ठेवता येत नव्हती, म्हणून दामिनी आपल्या आजीच्या, अव्वाच्या पुढ्यात गुडघ्यावर बसून तारांच्या घोडीजवळ चकती चिकटवत होती.

शिवनाम सप्ताहाचा रिवाजच तसा. वीणा एकदा उचलली की सप्ताह उठेपर्यंत ती जमिनीला टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात. आत्ताच मलप्पाकाकांनी ती शिवकांताच्या, म्हणजे दामिनीच्या अव्वाच्या गळ्यात घातली होती. शरणार्थ म्हणून नमस्काराला वाकले आणि वर उठता उठता म्हणाले, "जपून बरं बाई. आजपस्तोर बाईमाणसाच्या हाती दिली न्हवती."

देवणीकडच्या या गावात यंदा पहिल्यांदाच बायांना वीणेचा पहारा, म्हणजे ती गळ्यात घेऊन उभं राहायची पाळी मिळाली होती. पहाराही एकच, दुपारचा. नीट पार पडला तर पुढल्या वर्षी पुन्हा मिळणार. नाही पडला तर काय, हे कुणी बोलत नव्हतं, पण पुरुषांच्या बाजूला सगळे त्याचीच वाट बघत बसल्यासारखे दिसत होते.

"हलू नको ना अव्वा! चकती सरकली की झालं."

"मी कुठं हलायलेय? तूच टोचायलीस."

दामिनी नुसती खूश नव्हती, हवेत होती. पखवाज अन् टाळांच्या गलबल्यात वीणा कधी कुणाला ऐकूच यायची नाही. आज येणार होती! चकती लाकडातला आवाज उचलते, प्रीॲम्पची ही एवढीशी डबी त्या बारीक आवाजात जीव भरते, मग तो साउंडवाल्याच्या मशीनला जातो, हे तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. डबी शाळेतल्या संगीताच्या सरांची. गॅदरिंगला गिटार तिनंच तर लावली होती त्यावर.

तिनं कानाला हेडफोन लावले, बटण फिरवलं. लाल दिवा लुकलुकला तसं थोडं मागं घेतलं.

"हं, छेड तार."

सूर आला. गोड, गोल, अख्ख्या मांडवभर. आणि त्या सुराखाली खट, खट, खट.

तिनं पिन काढून पुन्हा घातली. खटखट. वायर बदलली. खटखट. चकती उचलून दुसरीकडं लावली, डबी बॅटरीवर घेतली. खटखट काही जाईना, आणि भोंगे चालू होते.

"ही वीणा हाय का शिलाई मशीन?" मलप्पाकाकांनी विचारलं. पुरुष हसले.

"तुमच्या पहाऱ्याला वायर न्हवती म्हणून वाचलात, काका," बायांतून नागुबाई ओरडली. "न्हाई तर तुमचं घोरणं गेलं असतं पार उदगीरपर्यंत!"

आता बाया हसल्या. दामिनीचे कान मात्र तापले होते. तिनं साउंडवाल्याला भोंगे बंद करायला खुणावलं. आवाज कापायचं बटण शेवटी दाबायचं असतं, आधी आवाज कुठून येतो ते शोधायचं, असं सर म्हणायचे.

"अव्वा, छेडू नको. नुसती उभी राहा."

सूर गेला. खटखट राहिली. उलट आणखी स्पष्ट झाली, एका लयीत.

"दांडीवर नुसता टेकलाय तो डावा हात काढ."

अव्वानं काढला नाही.

"काढ की जरा. पट्टा हाय ना गळ्यात, पडत न्हाई."

अव्वानं हात काढला. हेडफोनमधे एकदम शांत झालं. इतकं शांत की दामिनीला अव्वाचा श्वास ऐकू आला. मग तिला हात दिसला. पदराजवळ नेऊन अव्वानं तो लपवायला बघितला, पण अंगठा अन् शेजारचं बोट एकमेकांवर फिरतच होतं, वात वळल्यासारखं. कापूस नसताना.

दामिनीनं हेडफोन गळ्यात उतरवले.

"कवापासून?"

"वायर बघ तुझी."

"वायर न्हाई ही."

अव्वानं मांडवाकडं बघितलं. "पाडव्यापासून आसंल. ताट धरलं की थांबतं, भाकरी थापताना थांबतं. मोकळा ठिवला, न्हाई तर नुसता टेकवला की सुरू."

"बाबांना सांगितलंस?"

"न्हाई."

"अव्वा, दवाखान्यात दाखवायचं ना! मी सांगते बाबांना, आत्ता..."

"आत्ता?" अव्वाचा आवाज एवढा हळू होता की दामिनीला जवळ जावं लागलं. "ह्या मांडवात शिवकांताचा हात कापला असं कुणी म्हणायचं न्हाई. बायांचा हात कापला म्हणतील."

पलीकडं नागुबाई टाळ घेऊन उभी होती. तिच्यामागं सगळ्या बाया, नव्या लुगड्यांत.

"तुझ्या डबीत हे काढायचं काही हाय का न्हाई?" अव्वानं विचारलं.

दामिनीला नाही म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं इथं?

"हाय," ती म्हणाली. "पण तू उद्या दवाखान्यात येशील माझ्यासंगं?"

अव्वानं डावा हात परत दांडीवर ठेवला. "दाब."

दामिनीनं दाबलं. खालचे जाड आवाज कापणारं बटण ते, सुराला धक्का लावत नाही. साउंडवाल्याला हात केला. अव्वानं तार छेडली आणि भोंग्यातून नुसता सूर निघाला, धुतल्यासारखा स्वच्छ. टाळ उठले. बायांनी शिवनाम उचललं.

"आता कशी बोलली!" मलप्पाकाका मोठ्यानं म्हणाले. "शिवकांता, पोरगी हुशार हाय गं. दुरुस्त केलं बघ!"

अव्वा भोंग्याकडं मान करून ऐकत होती. कपाळावरची आठी हळूहळू सुटली. दांडीवर तिचा अंगठा पडतच होता, उठत होता, पडत होता.

"थांबलं बघ," ती दामिनीला म्हणाली.