पबच्या दारातले बूट

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या चर्चमध्ये ख्रिसमसची कॅरोल्स गाऊन झाली, की गायक रिवाजाप्रमाणे समोरच्या पबमध्ये गायला जात. यंदा तिथला पियानो बिघडला, म्हणून सुलभाकाकूंची पेटी आली. दारातच काकूंनी बूट काढले. "आई, प्लीज," लेक अनिका कुजबुजली, "चर्चमध्ये काढलेस, ठीक होतं. हा पब आहे. फ्लोअरवर बिअर सांडलीय." "गाणी तीच आहेत ना?" म्हणत काकूंनी बाकावर मांडी घातली आणि भाता उघडला. बारपाशी कुणीतरी फिसकन हसलं. काकूंनी काळी चारची पट्टी धरली आणि पहिल्या ओळीलाच असा आवाज लावला, की हसणाऱ्याचा ग्लास तोंडापाशीच थांबला. शेवटच्या कडव्याला अख्खा पब गात होता. "आणखी एक?" गायकांच्या म्हाताऱ्या प्रमुखाने पेटीजवळ येत विचारलं. काकूंनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. तो मुकाट्याने नाड्या सोडायला वाकला. अनिका केव्हाच नुसत्या मोज्यांवर उभी होती.