ओकवरची खाच

स्वतः विधिमंडळात भांडून मंजूर करून घेतलेल्या नव्या रस्त्यानेच कॅप्टन टॉलिव्हर केंटकीतल्या घरी परतला. घराजवळचं रान रस्त्यासाठी तोडलं होतं. उरलेल्या बुंध्यांवरून हात फिरवत त्याची बायको डॉर्कस वाकून वाकून फिरत होती.



लढाईच्या दिवसांत या सरहद्दीवर कुणी थडगं बांधत नसे. शत्रूने उकरू नये म्हणून माती सपाट करून वर पाचोळा पसरायचे. त्यांच्या लेकीलाही त्याने तसंच पुरलं होतं. खूण म्हणून शेजारच्या ओकच्या झाडावर छातीच्या उंचीला कुऱ्हाडीची एक खाच तेवढी मारली होती. बुंधे आता गुडघ्याएवढे उरले होते.

"आपला ओक कुठला रे?" डॉर्कसने विचारलं. "अख्ख्या पलटणीला या रानातून वाट दाखवायचास ना तू?"

तो एका बुंध्यापाशी गेला, मग दुसऱ्यापाशी, आणि थांबला. तेवढ्यात मागून गाडी आली. गाडीवानाने टोपी काढली. "रस्ता झकास झालाय, कॅप्टनसाहेब!"

डॉर्कस चाकांखालच्या मातीकडे बघत होती. "त्याला म्हणावं, गाडी हळू हाक," ती म्हणाली.