नुसतं नाव

वाचोपचाराच्या बाईंनी दिवाकररावांसमोर त्यांच्या लेकीचा फोटो धरला. "काका, ही कोण?"

दिवाकररावांना नाव आठवत होतं. पण हल्ली कुणीही कुणाचंही नाव घेतलं, की थेट त्या माणसाच्या कानात हाक जाई आणि त्याचं उत्तरही इकडे ऐकू येई. हाक मारायची नसेल, तर नावाआधी 'नुसतं' म्हणावं लागे. लग्नावरून भांडून लेक घर सोडून गेली, तेव्हापासून ते तिला 'नुसतं केतकी'च म्हणत आले होते. अर्धांगवायूनंतर मात्र तोंडातून एका वेळी एकच शब्द फुटे.

"राहू द्या हो," त्यांच्या पत्नी शैलाताई म्हणाल्या. "आधी 'नुसतं' जमू दे, मग तिचं नाव घ्या."

दिवाकररावांनी बराच वेळ फोटोकडे पाहिलं. मग सगळा जीव ओठांत गोळा केला.

"केतकी."

खोलीत तिचा आवाज आला, अगदी बिचकत. "बाबा? चुकून लागली का हाक?"

शैलाताई उत्तर द्यायला पुढे झाल्या. दिवाकररावांनी धडधाकट हाताने त्यांना थांबवलं.

"नाही," ते म्हणाले. पुढचा शब्द जुळवताना त्यांच्या कपाळावर घाम आला. केतकी मुकाट्याने थांबून राहिली.

"ये."