मधला खिळा

टर्नटेबलवर गणपती बसला होता. दीड फुटी, लोडाला टेकलेला, एका डोळ्याची आखणी झालेला. साईराज दारातच थबकला.

त्याची आई, विमलबाई, दुसऱ्या डोळ्यासाठी ब्रश भिजवत होती. हमरापूरच्या त्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडेतिकडे मूर्ती. तिने एका बोटाने टर्नटेबलची थाळी जराशी मागे घेतली, पुन्हा किंचित पुढे आणली.

"ये रे," ती मान वर न करताच म्हणाली. "हे तुझं यंत्र लय कामाचं हाय. आपल्या फिरत्या पाटासारखं अडकत नाय."

उद्या मुंबईत डीजेंच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. आधीच्या फेऱ्या त्याने कंट्रोलरवर मारून नेल्या होत्या. गाणी लॅपटॉपमध्ये, बाकी सगळा बटणांचा खेळ. अंतिम फेरीत मात्र जुन्या पद्धतीने, खरी तबकडी हाताने मागेपुढे ओढत स्क्रॅच करायचं होतं, आणि टर्नटेबल ज्याचं त्याने आणायचं होतं. पेणपासून रोह्यापर्यंत असलं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. म्हणून तर धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट बुडवून तो आला होता.

"आये, मूर्ती उतरव. मला ते न्यायचंय."

"एवढा डोळा होऊ दे."

डोळा झाला. तिने मूर्ती अलगद उचलली. थाळी रंगाने माखली होती, पण ते पुसता आलं असतं. मधोमध, तबकडीचं भोक ज्यावर बसतं, तो खिळाच नव्हता. तिथे करवतीने कापलेला चकचकीत ठिपका तेवढा उरला होता.

"खिळा कुठाय?"

"त्या काळुराम लोहाराकडनं कापून घेतला. मूर्ती सपाट बसत नव्हती, डुगडुगायची." मग तिला त्याचा चेहरा दिसला. "का रे? तूच बोललास ना, कंट्रोलर आला, आता हे भंगार झालं?"

बोलला होता खरा. तो खाली बसला. पिशवीतली तबकडी काढून त्याने थाळीवर ठेवली आणि सवयीने मागे ओढली. ती निसटून कडेला गेली. त्याला रडू येईलसं वाटलं.

विमलबाईने तबकडी उचलली. भोकात करंगळीचं टोक घालून पाहिलं. मग चिमूटभर शाडूची माती घेतली, बोटांत वळली, पाण्याचा हात लावून ठिपक्यावर उभी केली. तबकडी वरून सोडून बघितली. केसभरही फट नव्हती. तिने ती हळूच काढून घेतली.

"झाला तुझा खिळा. पण माती ओली हाय, परवापर्यंत हात लावू नको." ती पदराने त्या खिळ्याला वारा घालू लागली. "थांबशील ना तोवर?"

उद्याचं त्याने तिला सांगितलंच नाही.

"थांबतो की," तो म्हणाला.