खडकीची मैना

"खोडरबर खोडण्यासाठी असतं," रंगनाथ म्हणाले. "कोरण्यासाठी नाही."

इंदुबाईंनी मान वर केली नाही. टॅबवर एक परदेशी बाई रबरावर पान कसं कोरायचं ते दाखवत होती. त्यांनी व्हिडिओ थांबवला, कटर तिरका धरला आणि पानाची शीर काढली.

शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत वर्षभर हेच चाललं होतं. याला मेल आर्ट म्हणतात, हे इंदुबाईंना इंटरनेटवरच कळलं होतं. पोस्टकार्डावर आपण कोरलेले ठसे उमटवायचे आणि अनोळखी माणसांना पाठवायचे. तीही उलट पाठवतात. पत्त्यांच्या याद्या वेबसाइटवर मिळतात.

"रिकामटेकड्यांची जनगणना," रंगनाथांनी याद्या बघून म्हटलं होतं.

टपाल खात्यात त्यांनी छत्तीस वर्षं शिक्के मारले होते. शिक्का म्हणजे गाव आणि तारीख, बाकी पोरकटपणा. एक फायदा मात्र त्यांना मान्य होता. इंदुबाई आता फोनला फारशा हात लावत नसत. त्यांच्या मुलीनं, पूर्वानं, त्यांच्या मनाविरुद्ध रणजितशी लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिच्याशी संबंध ठेवायचा नाही, असा रंगनाथांचा हुकूम होता. ती कुठे राहते, हेही त्यांनी कधी विचारलं नाही. बायकोचा फोन मात्र ते रोज तपासत.

आलेलं टपालही आधी त्यांच्याच हातात पडे. लिस्बनहून मासा आला, "वास येतोय." ओसाकाहून छत्री आली, "गळकी दिसते." पण खरा राग होता तो 'मैना, खडकी' हिच्यावर. ही बाई कार्डावर एक अक्षर लिहीत नसे. नाव, पत्ता, सगळे ठसेच.

"खडकीहून शनिवार पेठेत पोस्टानं चित्रं! चालत येऊन दिलं असतं तर व्यायाम झाला असता. आणि हिला चंद्राशिवाय काही येतं का? तोही दर महिन्याला फुगतोय."

"शिकतेय हो ती."

"शिकायचं वय असतं."

इंदुबाईंनी ते कार्ड पुसून डब्यात ठेवलं.

जूनमध्ये मैनेचं कार्ड आलं नाही. पोस्टमनच्या वेळेला इंदुबाई दारात जाऊन उभ्या राहू लागल्या. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं.

"संन्यास घेतला असेल तिनं," रंगनाथ म्हणाले. "कलेवर उपकार."

"गप्प बसा," इंदुबाई म्हणाल्या. रंगनाथांनी चमकून पाहिलं. असं त्या कधी बोलत नसत.

पुढच्या सोमवारी कार्ड आलं. इंदुबाई आंघोळीला गेल्या होत्या. त्या बाहेर येईपर्यंत रंगनाथांनी ते चष्मा लावून, मग चष्मा काढून पाहिलं होतं.

"घ्या, आल्या तुमच्या मैनाबाई. चंद्र सुटला, आता शाईत पाय बुडवतात! एवढुसा ठसा, तोही फरकटलेला. मारणाऱ्याला धड शिक्कासुद्धा धरता येत नाही."

इंदुबाईंनी कार्ड दोन्ही हातांत घेतलं. मग त्यांनी कपाटातून भरून ठेवलेली पिशवी काढली, केस तसेच ओले असताना बांधले आणि चपला घातल्या.

"निघालात कुठे? आणि हे पाऊल आहे तरी कोणाचं, मांजराचं?"

"तुमच्या नातवंडाचं."